अजून गोळ्या कशाला?

"ताप गेला, अंग भरलं, मग अजून गोळ्या कशाला?" लालबागला आमच्या जिन्यात भेटणारा प्रत्येक जण विचारतो. मग आवाज उतरवून, "टीबीच ना?"

टीबी नाही. मेलिऑयडोसिस. बर्कहोल्डेरिया स्यूडोमालेई नावाचा जिवाणू ओल्या मातीत आणि साचलेल्या पाण्यात राहतो आणि बारीकशा जखमेतून आत शिरतो. मधुमेह्यांवर त्याचा विशेष डोळा. माझी साखर जुनी, त्यात दर पावसाळ्यात लावणीला कुडाळकडे गावी, अनवाणी चिखलात. ताप, खोकला, घटलेलं वजन, एक्सरेत डाग. मुंबईत एवढं पाहिलं की कोणाच्याही मनात आधी टीबीच येतो. पण थुंकीत टीबीचे जंतू नव्हते, सोनोग्राफीत यकृतात गळू दिसलं आणि डॉक्टरांनी रक्ताचं कल्चर लावलं. हा जंतू लॅबमध्ये बऱ्याचदा 'स्यूडोमोनास (दुसराच एक जिवाणू), बाहेरून नमुन्यात आला असेल' म्हणून बाजूला पडतो. आमच्या लॅबमधल्या बाईंनी तो सोडला नाही. माझ्या मते निम्मा उपचार तिथेच झाला, कारण जेंटामायसिनसारखी नेहमीची औषधं याच्यावर सहसा चालत नाहीत.

चालतं ते सेफ्टाझिडीम किंवा मेरोपेनेम, तेही शिरेतून, निदान १० ते १४ दिवस. खोल गळू असेल, हाडात किंवा मेंदूत गेला असेल, तर आणखी काही आठवडे. १९८९ साली थायलंडमधल्या अभ्यासात गंभीर रुग्णांमधलं मृत्यूचं प्रमाण सेफ्टाझिडीममुळे ७४ टक्क्यांवरून ३७ वर आलं होतं. म्हणजे औषध मिळूनही तिघांतला एक जातच होता. हा आकडा वाचल्यावर मी सलाईनच्या सुईबद्दल कुरकुर करणं बंद केलं.

आता गोळ्यांचं. ताप उतरला म्हणजे जंतू संपले असं नाही. हा आपल्याच पेशींमध्ये दडी मारतो आणि औषध मध्येच सोडलं की उलटतो. म्हणून पुढे किमान तीन महिने को-ट्रायमॉक्साझोल. आपली जुनी सेप्ट्रानच ती, पण साठ किलोच्या वरच्या माणसाला नेहमीच्या दुप्पट डोस. त्यामुळे पोटॅशियम, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) आणि रक्तपेशी तपासत राहायच्या, आणि अंगावर पुरळ आलं तर थेट डॉक्टरांकडे. गंमत अशी की भेटायला येणारा प्रत्येक जण शहाळी घेऊन येतो, आणि पोटॅशियम वाढतं म्हणून मला नेमकी तीच बंद. सध्या ती शहाळी पिऊन आमचा वॉचमन तब्येतीने सुधारतोय.

आणि हो, माणसाकडून माणसाला हा सहसा होत नाही. माझा चहाचा कप वेगळा ठेवू नका.

गावी परत जाणार का? जाणार. साखर आटोक्यात ठेवून, पायाला जखम नसेल तरच, आणि गुडघ्यापर्यंतचे गमबूट घालून. भाऊ हसणार आहेच.