पसंतीक्रम

"बाळा, सायन्स की कॉमर्स?" सायबर कॅफेवाल्याने मुलाला विचारलं. "सायन्स," आई म्हणाली.

अकरावीच्या ऑनलाइन फॉर्मची गर्दी होती, मी आपली झेरॉक्ससाठी ताटकळत उभी. मुलगा आईपेक्षा वीतभर उंच, मिसरूड फुटलेलं. पासवर्ड आईच्या वहीत, ओटीपी बाबांच्या मोबाइलवर, दहावीचा सीट नंबर आईला तोंडपाठ. त्याच्याकडे काम एकच, फाइल धरायची.

यादीत दहा कॉलेजं टाकता येतात. पहिल्या पसंतीचं लागलं की प्रवेश घ्यावाच लागतो, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाद. इतकं सगळं पणाला, आणि हा पठ्ठ्या स्क्रीनकडे बघेचना!

सहाव्या कॉलेजला मात्र एकदम म्हणाला, "ते नको. तिथे जायला दोन बस बदलाव्या लागतात."

आई चमकलीच. "तुला काय माहीत?"

"बघून ठेवलंय मी."

म्हणजे पोरगं बेफिकीर नव्हतं. त्याला कुणी विचारलंच नव्हतं. (कॅफेवाल्याने विचारलं होतं म्हणा, पण बोलू कोण देतंय?) आता बारावीनंतर सीईटीची प्रवेश परीक्षा, मग प्रवेशाच्या फेऱ्या म्हणजे कॅप राउंड, तेव्हाही वही आईचीच असणार का?

तुमच्या घरी फॉर्म कोणी भरला, खरं सांगा.