शेंडा पिवळा, शिरा हिरव्या

इंदुरात बंगल्यांच्या बागा लावून देताना एक वाफा कायमचा लक्षात राहिला. १० फूट बाय ४ फूट, दसऱ्यासाठी जुलैत लावलेला झेंडू, आणि भाद्रपद लागता लागता सगळा पिवळा. काकूंनी कसर ठेवली नव्हती. गोठ्यातलं ताजं शेण, चुलीची राख, सगळं घातलेलं. "रासायनिक कणभर नाही हो, मग असं का झालं?"

आधी पानं पाहिली. नत्र कमी पडलं की खालची जुनी पानं पिवळी होतात. इथे उलट होतं: शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या. ही लोहाची उपासमार. मूठभर माती बशीत घेऊन वर चमचाभर व्हिनेगर टाकलं, तर माती सोड्यासारखी फसफसली. खुरपं अर्धा फूट खाली जाताच खणकन वाजलं. बांधकामाचा राडारोडा, सिमेंट, चुन्याचा गिलावा! चुन्यानं सामू (pH) चढतो, म्हणजे माती अल्कधर्मी होते, मग मातीत लोह असूनही मुळांना मिळत नाही. त्यावर राख, तीही अल्कधर्मी. राखेतून पालाश (पोटॅशियम) मिळतो हे खरं, पण अशा जमिनीत ती घालू नयेच.

एक रोप ओढलं तर अलगद हातात आलं. मुळं कुरतडलेली, खाली अर्धवर्तुळात वळलेल्या पांढऱ्या अळ्या: हुमणी. कच्च्या शेणातून ती बरेचदा येते.

खत मुरवायचं शास्त्र याच शहरात बसवलं गेलं, याचं मला फार अप्रूप आहे. इंग्रज कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी १९३१ मध्ये ते छापलं: पालापाचोळा, शेण, गोमूत्र मुरलेली माती यांचे थर, तीनदा उलथणं, तीन महिने मुरवणं. राख त्यांच्याकडेही होती, पण ढिगाचा आंबटपणा मारण्यापुरती.

मग वाफा फूटभर उपसला. राडारोडा चाळून बाहेर काढला, हुमणी वेचली, तूट काळ्या मातीनं भरली. त्यावर २ इंच मुरलेलं खत, म्हणजे १५ लिटरची साधारण १२-१३ घमेली, आणि ४०० ग्रॅम निंबोळी पेंड. हिराकस, म्हणजे लोहाचा क्षार, फक्त १० ग्रॅम, तेही खतात कालवून. नुसतं टाकलं तर चुन्यात लगेच अडकून बसतं. खत मुरलंय का हे ओळखायला ते ओलं करून पिशवीत दोन दिवस बांधून ठेवावं. उघडताच नाकात झोंबलं तर अजून कच्चं. पावसाच्या मातीसारखा वास आला तर घ्यावं.

सगळं झाल्यावर पुन्हा बशी घेतली. फेस आला, पण जेमतेम. भिंतीलगतच्या कोपऱ्यातली माती मात्र अजून जोरात फसफसत होती. नवी रोपं वाफ्यात लावली आणि त्या कोपऱ्यात कुंडी ठेवली.