दहा टाका नाहीतर सात टाका, पण आधी बिट बघा

नवीन कॉम्प्युटर घेतला की आपल्याकडे सल्ला देणाऱ्यांची कमी नसते, आणि सध्याचा नंबर एकचा सल्ला म्हणजे "विंडोज अकरा काढ, दहा टाक." का टाक विचारलं तर उत्तर ठरलेलं, जुनं सगळं चालतं ना त्याच्यावर. माझ्या मामांच्या मशीनवर हाच प्रयोग झाला, आणि जे एक सॉफ्टवेअर चालावं म्हणून केला तेच चाललं नाही. त्यामागचं कारण नीट लिहून ठेवतोय, कारण यार्डातल्या आणखी दोन-तीन गाळ्यांवर हीच बोंब आहे असं कळलं.

मामांची नाशिकला पंचवटीत मार्केट यार्डात भाजीपाल्याची अडत. त्यांच्या पट्ट्या (शेतकऱ्याला द्यायचा विक्रीचा हिशोब) निघतात त्या डॉसवरच्या, म्हणजे विंडोजच्या आधीच्या जमान्यातल्या, फॉक्सप्रो २.६ या हिशोबाच्या प्रोग्रॅमसाठीच्या साधनात लिहिलेल्या प्रोग्रॅमवर. आता हसू नका. निळी स्क्रीन, पांढरी अक्षरं, माउसचा संबंधच नाही, आणि दिवाणजी शेतकऱ्याचा कोड, मालाचा कोड, नग, भाव, एंटर, एंटर असं न बघता मारत सुटतात, तोंडाने समोरच्या शेतकऱ्याशी पाऊसपाण्याच्या गप्पा चालू आणि तिकडे पट्टी तयार. कोथिंबीर-मेथी शेकड्याच्या भावाने, टोमॅटो क्रेटवर, कांदा क्विंटलवर, हे सगळं त्या प्रोग्रॅमला माहितेय. हमाली-तोलाई आपोआप कापली जाते. २०१६ मध्ये फळं-भाज्यांची अडत, म्हणजे अडत्याचं कमिशन, शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची असं झालं तेव्हा प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने शेवटचा बदल करून दिला, नंतर तो माणूस या धंद्यातूनच बाहेर पडला. म्हणजे आता सोर्स कोड (प्रोग्रॅमचा मूळ लिहिलेला मजकूर) नाही, माणूस नाही, फक्त चालणारी ईएक्सई फाइल आहे.

हे इतकी वर्षं विंडोज एक्सपीच्या मशीनवर सुखाने चालू होतं. मग ते मशीन गेलं. हार्ड डिस्क वाचली, डेटा निघाला (सगळा मिळून इतका छोटा की पेन ड्राइव्हच्या कोपऱ्यात बसेल), आणि मामांनी नवा डेस्कटॉप आणला, विंडोज ११ होम आधीच टाकलेला. प्रोग्रॅम डबल क्लिक केला तर मेसेज, हे ॲप तुमच्या पीसीवर चालू शकत नाही. मामांनी लगेच मशीन उचललं आणि ओळखीच्या एका रिपेअरवाल्याकडे नेलं, त्याने अकरा उडवून दहा टाकून दिलं. पैसे घेतले, गाळ्यावर येऊन लावूनही दिलं. डबल क्लिक. तोच मेसेज.

तेव्हा मला फोन आला. "अरे, हे दहा पण अकरासारखंच करतंय, आता सात टाकायचं का? तू येतोस का बघायला?"

तर मुद्दा असा की भिंत दहा आणि अकराच्या मध्ये नाहीच. ती ३२ बिट आणि ६४ बिटच्या मध्ये आहे (बिट म्हणजे प्रोसेसर एका दमात माहितीचा केवढा तुकडा हाताळतो त्याचं माप). डॉसचे प्रोग्रॅम विंडोजमध्ये चालायचे ते एनटीव्हीडीएम नावाच्या एका भागामुळे, आणि तो प्रोसेसरच्या व्हर्च्युअल ८०८६ मोडवर, म्हणजे जुन्या प्रोसेसरसारखं वागायच्या सोयीवर, उभा होता. प्रोसेसर ६४ बिट मोडमध्ये गेला की तो मोड वापरता येत नाही, त्यामुळे ६४ बिट विंडोजमध्ये एनटीव्हीडीएम दिलेलंच नाही, मग ती सात असो, दहा असो नाहीतर एक्सपीची ६४ बिट आवृत्ती असो. विंडोज ११ तर फक्त ६४ बिटच येते. त्या रिपेअरवाल्याने टाकलेली दहाही ६४ बिट होती, म्हणजे मामांच्या कामापुरतं बघितलं तर फरक शून्य.

मग ३२ बिट दहा टाकू, असं तुम्ही म्हणाल. दिवाणजीही तेच म्हणाले, त्यांना बरंच कळतं. ३२ बिट दहामध्ये एनटीव्हीडीएम मिळतं, पहिल्यांदा डॉस प्रोग्रॅम चालवला की विंडोज स्वतःच विचारते टाकू का म्हणून. पण नवीन मशीन सुरू होतं यूईएफआय फर्मवेअरवर (विंडोजच्या आधी चालणारं, बोर्डवरच असलेलं सॉफ्टवेअर, जुन्या बायोसची जागा घेणारं), तेही ६४ बिट, आणि ६४ बिट यूईएफआयवरून ३२ बिट विंडोज बूट होत नाही. त्याला जुन्या बायोससारखा लेगसी मोड लागतो, सीएसएम म्हणतात तो. बायोसमध्ये जाऊन एकेक पान बघितलं, तो पर्यायच नव्हता. हल्लीच्या बऱ्याच मशीनमध्ये नसतो. वरून आजच्या प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला ३२ बिट ड्रायव्हरही मिळत नाहीत, आणि रॅम चार जीबीच्या वर वापरताच येत नाही, म्हणजे आठ जीबीचे पैसे मोजून निम्मी रॅम गोदामात.

सातचं तर नावच नको. तिच्या इन्स्टॉलरला यूएसबी ३ माहीत नाही, एनव्हीएमई एसएसडी (नव्या प्रकारची वेगवान डिस्क) माहीत नाही, त्यामुळे नव्या मशीनवर पेन ड्राइव्हवरून सुरू केली की कीबोर्ड-माउस मेलेले आणि डिस्क गायब. ड्रायव्हर आत भरून इन्स्टॉलरची वेगळी इमेज बनवणारे लोक आहेत, हौस असेल तर करा, पण १४ जानेवारी २०२० ला सपोर्ट संपलेली विंडोज हिशोबाच्या मशीनवर नेटला जोडून ठेवणं मला पटत नाही. दहाचाही सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापराला वर्षभर जादा सिक्युरिटी अपडेटची सोय दिली, ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. म्हणजे अकरा काढून दहा टाकणं म्हणजे नवीन गाडी घेऊन तिला मुदत संपत आलेले टायर लावण्यातला प्रकार.

आणि लायसनचं कोणी बोलतच नाही. जुनी आवृत्ती टाकायचा हक्क, डाउनग्रेड राइट्स, हा मशीनसोबत आलेल्या विंडोजच्या प्रो आवृत्तीला असतो, होमला नसतो. दुकानात कोणी सांगत नाही, कारण कोणी विचारत नाही.

म्हणून पहिलं काम केलं ते अकरा परत टाकायचं. मामांना हे अजिबात आवडलं नाही, "आत्ताच तर काढली ना रे, तिचे पैसे दिलेत मी." पण परत टाकणं सोपं असतं. विंडोज ८ पासून कंपनीच्या मशीनची प्रॉडक्ट की मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्येच लिहिलेली असते, त्यामुळे इन्स्टॉलचा पेन ड्राइव्ह बनवून लावला तर विंडोज ती की विचारतही नाही, होम का प्रो तेही स्वतःच ओळखते. एकच ठिकाणी लोक अडकतात, ते म्हणजे इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नाही. इंटेलच्या ११व्या पिढीपासून बऱ्याच मशीनमध्ये व्हीएमडी (डिस्क हाताळायची इंटेलची पद्धत) चालू असतं, त्याचा ड्रायव्हर वेगळा उतरवून पेन ड्राइव्हवर ठेवायचा आणि लोड ड्रायव्हर करून दाखवायचा. डिस्क गेली, बदलावी लागेल असं कोणी सांगितलं तर आधी हे करून बघा. आणि हो, हल्ली नवीन मशीनवर डिस्क एन्क्रिप्शन बऱ्याचदा आपोआप चालू होतं, तेव्हा बायोसमध्ये काहीही हलवायच्या आधी ती ४८ आकडी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट अकाउंटमधून काढून कागदावर लिहून ठेवा. इथे डेटा नव्हता म्हणून निभावलं.

आता फॉक्सप्रो. जुनी विंडोज मशीनवर टाकण्यापेक्षा जुनं वातावरण नव्या विंडोजच्या आत उभं करायचं. व्हर्च्युअलबॉक्समध्ये (कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर उभा करणारं सॉफ्टवेअर) ३२ बिट विंडोज चालवता येते, पण एका पट्टीसाठी आधी एक आख्खी विंडोज सुरू करायची आणि तिचं लायसन वेगळं, हे दिवाणजींच्या गळी उतरणारं नव्हतं. म्हणून व्हीडॉस घेतलं. नव्या मशीनवर डॉस उभं करणारं डॉसबॉक्स मुळात जुन्या गेम्ससाठी, त्याच्यावरूनच व्हीडॉस बनलंय पण कामाच्या प्रोग्रॅमसाठी. फोल्डर कॉपी केला, कॉन्फिगमध्ये डेटाच्या फोल्डरला ड्राइव्हचं अक्षर दिलं, आणि निळी स्क्रीन उघडली. खिडकी मोठी करता येते, अक्षरं मोठी होतात, दिवाणजींचा चष्म्याचा नंबर बघता ही सोय एक्सपीपेक्षाही बरी. (फॉक्सप्रोचे जुने प्रोग्रॅम वेगवान प्रोसेसरवर सुरू होतानाच शून्याने भागाकाराची एरर देतात, हा जुना रोग आहे, त्याचा पॅच मिळतो. मामांच्या ईएक्सईमध्ये तो आधीच होता.)

खरा घाम काढला तो प्रिंटरने. पट्टीचा कागद छापील असतो, वर गाळ्याचं नाव, मराठीत रकाने, तीन प्रती, मध्ये कार्बन, आणि प्रोग्रॅम फक्त आकडे आणि इंग्रजी कॅपिटलमध्ये शेतकऱ्याचं नाव त्या रकान्यांत बरोबर नेऊन टाकतो. म्हणजे डॉट मॅट्रिक्सला (सुया आपटून छापणारा प्रिंटर) पर्याय नाही, लेसरवर कार्बनची प्रत उमटत नाही. प्रोग्रॅमला फक्त एलपीटी १ हे जुनं प्रिंटर पोर्ट कळतं आणि नव्या मशीनला ते पोर्टच नाही, प्रिंटर यूएसबीवर. विंडोजच्या नेहमीच्या ड्रायव्हरमधून छापलं तर अक्षरं सुबक आली पण "कपात" या रकान्यातले आकडे "निव्वळ रक्कम" मध्ये, आणि एक शेतकरी उभा होता तो म्हणाला, "असू द्या मालक, हीच ठेवा." शेवटी प्रिंटर जेनेरिक टेक्स्ट (नुसती साधी अक्षरं छापणारा) म्हणून टाकला, नेटवर्कवर शेअर केला आणि व्हीडॉसला एलपीटी १ म्हणजे हा शेअर असं सांगितलं, म्हणजे प्रोग्रॅम जे कंट्रोल कोड पाठवतो ते मध्ये कोणी न हात लावता थेट प्रिंटरला जातात. चर्रर्र आवाज आला, आकडे रकान्यात बसले. पानाची लांबी तेवढी प्रिंटरच्याच बटणांवरून सेट करावी लागली, नाहीतर दर पट्टीला दोन ओळी सरकत होत्या.

मामांचा पुढचा प्रश्न, हे किती दिवस चालेल. खरं सांगायचं तर विंडोज बदलली तरी चालेल, कारण आता तो प्रोग्रॅम विंडोजवर अवलंबूनच नाही फारसा. आणि डेटा फॉक्सप्रोच्या डीबीएफ फाइल्समध्ये आहे, त्या लिबरऑफिस कॅल्क या एक्सेलसारख्या सॉफ्टवेअरमध्ये सरळ उघडतात, मी मामांसमोर उघडून दाखवल्या, गेल्या टोमॅटोच्या सीझनचे सगळे भाव ओळीने दिसले. उद्या नवीन प्रोग्रॅम करून घ्यायचा झाला तर जुना हिशोब तिथून उचलता येईल. तोपर्यंत संध्याकाळी गाळा बंद करताना डेटाचा फोल्डर पेन ड्राइव्हवर कॉपी करायचं काम दिवाणजींकडे दिलंय. पेन ड्राइव्ह गल्ल्यात ठेवू नका, घरी न्या, एवढं मात्र दोनदा सांगावं लागलं.