एक कथाबीज, तीन प्रकार

इंदूरच्या सराफ्यात कथाबीज शोधायचं असेल तर रात्री अकराला जाऊ नका. तेव्हा सगळे खाण्यात गुंग असतात. दागिन्यांची दुकानं बंद होऊ लागली की पोहोचा. शटर खाली येतं आणि त्याच ओट्यावर कढई चढते. जागा एक, धंदे दोन. मधली ती थोडीशी वेळ कथेची.

वहीत ‘लगबग, गर्दी’ असं लिहिलंत तर महिन्याभराने त्यातून काही हाती लागत नाही. वस्तू लिहा, हात काय करतोय ते लिहा. कानावर पडलेलं वाक्य जसंच्या तसं उतरवा. इंदुरी मराठीत हिंदी मिसळलेली असते, ती साफ करू नका. माणूस तिच्यातच असतो.

आता बीज घेऊ: झारेकरी. सोनारांच्या दुकानातली केरमाती आणि गटारातला गाळ परातीत धुऊन सोन्याचे कण वेगळे काढणारा माणूस. त्याच्या परातीत एक दिवस मंगळसूत्राची वाटी येते, चेपलेली. हिंदी भाषकांच्या बाजारात वाटी म्हणजे बहुधा मराठी घर. संशयितांची यादी तिथेच आखडते.

रहस्यकथा करायची तर शेवट आधी लिहा, मग मागे येत तीन धागे पेरा. पहिला धागा पहिल्या पाव भागात हवा आणि तो एकटा नको: ‘परात, ब्रश, वाटी, राख’ असा इतर वस्तूंत मिसळलेला. स्वतंत्र वाक्य दिलंत की वाचक तिथेच बोट ठेवतो. नवखी रहस्यकथा बहुतेक वेळा इथेच फसते.

भयकथेत तीच वाटी रोज सापडू द्या, कारण सांगू नका. कारण कळलं की भीती संपते.

विज्ञानकथेत नियम एकच बदला: सोन्याला घालणाऱ्याचा स्पर्श आठवतो. मग मोड घेणारा सराफ काय भाव देईल? हुंड्याच्या खटल्यात दागिना साक्ष देईल का? अडलं की दुसरा चमत्कार आणायचा मोह होतो. आणू नका, पहिल्याचेच परिणाम अजून खणा.

तिन्ही मसुदे आठशे शब्दांतच ठेवा. त्याआधी त्या प्रकारातल्या पाच कथा पेन्सिल घेऊन वाचा आणि पहिला प्रश्न कितव्या परिच्छेदात पडतो तिथे खूण करा.