वस्तादांनी मान वळवली तेव्हा

पहाटे कोल्हापुरातल्या एका जुन्या तालमीत सराव शूट केला आणि त्याच दिवशी संध्याकाळी वस्तादांच्या डोळ्यांवर हेडसेट चढवला. व्हीआर व्हिडिओत, म्हणजे मान वळवून चारी बाजूंना बघता येणाऱ्या व्हिडिओत, माणूस कशानं गुंततो, ते त्या संध्याकाळी मला समोर बघायला मिळालं.

एकाच वेळी चारी बाजू टिपणारा कॅमेरा कुस्तीच्या मातीच्या हौदाच्या काठाशी, जमिनीपासून पाच फुटांवर ठेवला होता. बघणाऱ्याचे डोळे तिथंच असायला हवेत. कॅमेरा फार उंच नेला, तर बघणारा आढ्याला टांगल्यासारखा होतो. एकदा ठेवला की हलवायचा नाही, याबाबतीत मी हट्टी आहे. हलवला, तर डोळ्यांना चाल दिसते आणि कानातला तोल सांभाळणारा भाग सांगतो की आपण जागेवरच आहोत. त्यातून मळमळायला लागतं. दोन भिंगांची चित्रं जिथं जोडली जातात, ती बाजू कुस्ती खेळणाऱ्या जोडीपासून लांब ठेवली, नाहीतर जवळ आलेल्या पैलवानाचा हात मधेच तुटलेला दिसतो. खाली चौफेर आवाज टिपणारा माईक लावला. आम्ही सगळे बाहेरच्या कट्ट्यावर थांबलो, कारण या कॅमेऱ्याला मागची बाजूच नसते.

वस्तादांना फिरत्या खुर्चीत बसवलं. समोर जोड लागलेली, तांबडी माती उडत होती. ते शांतपणे पकड बघत होते. एवढ्यात पाठीमागून शड्डूचा आवाज आला आणि ते खुर्चीसकट गर्रकन वळले. तिथं भिंतीशी बारका पोरगा उभा होता, मांडीवर थाप मारून थेट कॅमेऱ्यात बघणारा.

"काय रं, बघतोस काय? बैठका मार!" वस्ताद ओरडले.

त्या पोराची नजर एडिटिंगमध्ये काढून टाकावी, असं माझ्या सहकाऱ्याचं म्हणणं होतं. मी ठाम नकार दिला. साध्या व्हिडिओत कॅमेऱ्यात बघणं खटकतं. इथं मात्र ती नजर बघणाऱ्याला तालमीत जागा देते.

यूट्यूबवर २०१५ पासून असे व्हिडिओ टाकता येतात, पण बरेच जण ते हेडसेटशिवाय, मोबाईलवर बोट फिरवूनच बघतात. त्यांनाही आधी सगळीकडे बघून घ्यायला सवड लागते. म्हणून पहिला शॉट लांबच ठेवतो. सारखे कट मारले, तर मान वळेपर्यंत जागाच बदललेली असते. ४के चित्रसुद्धा इथं चारी बाजूंना पसरतं आणि एका वेळी त्याचा जेमतेम चौथा हिस्सा रुंदी डोळ्यांसमोर येते. त्यामुळे शूट ८केमध्येच, म्हणजे ४केच्या दुप्पट रुंदीत करायचं.

हेडसेट काढल्यावर वस्ताद थोडा वेळ गप्प होते. मग त्यांनी खासबागेचा विषय काढला. शाहू महाराजांनी बांधून घेतलेलं ते मैदान असं उतरत जातं की कुठंही बसलं तरी कुस्ती दिसते.

"ह्यो डबा तिथं ठेवशील काय? पार हौदाजवळ ठेव. आणि हलगी पाठीमागं येऊ दे, म्हंजे मान वळंल."