झाडावरची नोटीस

आज दिवसभर गल्लीत एकच विषय: रस्ता रुंदीकरणात कोपऱ्यावरचा वड जाणार. दुपारपर्यंत सरळ दोन तट पडले. वर्षानुवर्षांचे शेजारी एकमेकांना 'विकासविरोधी' आणि 'निर्दयी' म्हणायला लागले, ते पाहून फार वाईट वाटलं. ज्यांना रुंद रस्ता हवाय त्यांचंही खरं आहे, तिथे रुग्णवाहिका अडकते.

संध्याकाळी खाली जाऊन खोडावरची नोटीस पूर्ण वाचली. त्यात तोडायची परवानगी नाहीच, हरकती मागवल्या आहेत! महाराष्ट्रात १९७५ पासून शहरी झाडांसाठी कायदा आहे आणि नोटीस लावून लोकांच्या हरकती घेणं त्यातच लिहिलंय. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षं किंवा त्याहून जुनं झाड 'वारसा वृक्ष' धरतात. आमचा वड त्याहून जुना असणार, इथल्या कुठल्याही आजोबांना विचारा.

हरकतीची मुदत थोडी असते. मी रात्री मसुदा लिहितेय. वड वाचवून रस्ता कसा वळवता येईल, तेही त्यात मांडणार आहे. उद्या सकाळी वडाखालीच सह्या घेऊ. ज्यांना रुंद रस्ता हवाय त्यांनीही यावं, त्यांचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत जोडते.