वाळूचा रथ

आज भाचीला घेऊन सोलापूरहून पंढरपूरला गेलो होतो. दर्शनानंतर चंद्रभागेच्या वाळवंटात तिने ओल्या वाळूचा रथ करायला घेतला. काडीने चाकाचे आरे कोरतानाची तिची तंद्री पाहून, ओडिशात कोणार्कच्या सूर्यमंदिराजवळ चंद्रभागा याच नावाच्या समुद्रकिनाऱ्यावर २०११ पासून डिसेंबरच्या आरंभी भरणाऱ्या आंतरराष्ट्रीय वाळूशिल्प महोत्सवाविषयी मी तिला सांगू लागलो.

पुरीचे सुदर्शन पटनायक हे या महोत्सवाचा चेहरा असून त्यांना २०१४ मध्ये पद्मश्री मिळाली. मात्र ओडिशातील या कलेचे मूळ आख्यायिकेने त्याहून कितीतरी मागे, ओडिया रामायण रचणाऱ्या संतकवी बलराम दासांपर्यंत नेले आहे. जगन्नाथाच्या रथावर चढण्यास मज्जाव झाल्यावर त्यांनी समुद्रकिनारी वाळूचे रथ करून देवाला आळवले आणि देव त्यांच्याकडे गेला, अशी ही कथा. चोखोबांच्या समाधीपुढे माथा टेकवून आलेल्या आम्हा दोघांना ती मुळीच परकी वाटली नाही.

वाळूशिल्पात कणांना धरून ठेवते ते पाणीच. ओला ढीग चोपून घट्ट केल्यावर कोरकाम शेंड्याकडून पायाकडे करतात, म्हणजे वरून गळणारी वाळू खालच्या पूर्ण झालेल्या कामावर पडत नाही.

भीमाकाठच्या वाळूकडे आपण बांधकामाचा माल म्हणूनच पाहत आलो. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत वाळूशिल्पासाठी एखादा कोपरा राखून ठेवावा, असे मला मनापासून वाटते.